शेरिफचा परवाना गेला ते बरं झालं की वाईट?

दंडकारण्य: अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने मार्च २०२३ मध्ये राज्यपालांचा व्हेटो डावलून पिस्तूल खरेदीचा परवाना रद्द केला. कायदा १९१९ चा. दर पिस्तुलामागे ५ डॉलर भरायचे, आणि अर्जदाराचं चारित्र्य चांगलं आहे का, हे काउंटीच्या शेरिफने, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या पोलिसप्रमुखाने ठरवायचं. जिम क्रोच्या, म्हणजे कायद्यानेच वर्णभेद चालायचा त्या काळात ते कोणाचं चांगलं ठरत असेल, वेगळं सांगायला नको. तिकडे अलाबामातल्या माँटगोमेरीत १९५६ मध्ये घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंगनी पिस्तूल बाळगायचा परवाना मागितला, तोही नाकारला. मर्जीचा कारभार संपला, उत्तम झालं.

चौकस: इतिहास मान्य, निष्कर्ष नाही. केंद्रीय कायद्यात तपासणी फक्त दुकानदाराला सक्तीची: गिऱ्हाईक फॉर्म ४४७३ भरतं, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेतून त्याची नोंद तपासतो. दोन खाजगी माणसांच्या सौद्यात यातलं काही नाही. तिथे शेरिफचा परवाना हीच एकमेव चाळणी होती, तीही गेली. मिसूरीने २००७ मध्ये अशीच काढली, तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासात बंदुकीने होणारे खून वाढलेले दिसले. देशभरात अशा खुनांत बळी जाणारे निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय, लोकसंख्येत साधारण १४ टक्के. त्यांच्या हक्काचं काय? आणि नकाराचं लेखी कारण द्यावं लागे, सुपीरियर कोर्टात अपीलही होतं.

दंडकारण्य: ५ डॉलरच्या परवान्यासाठी वकील कोण लावतो हो? नॉर्थ कॅरोलायनाच्याच वेक काउंटीत अलीकडेही कृष्णवर्णीयांचे अर्ज गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट प्रमाणात फेटाळले जात होते.

निरगाठ: दोघंही परवान्याच्या खिडकीपाशीच अडकलात. शिक्षेकडे बघा. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर कोणाकडे गोळ्या भरलेली विनापरवाना पिस्तूल सापडली, गोळी झाडली नसली तरी, किमान साडेतीन वर्षं. म्हणून तर न्यूयॉर्कच्या बंदूक-परवान्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलेल्या २०२२ च्या ब्रुएन खटल्यात ब्राँक्सच्या गरिबांचे सरकारी खर्चाचे वकील बंदूकवाल्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे अशील बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो.

चौकस: मग शिक्षा कमी करा, चाळणी कशाला फेकता? शेरिफचा ‘चारित्र्य’वाला अधिकार काढून फक्त गुन्ह्यांची नोंद तपासायची, आणि खाजगी सौद्यालाही तीच अट. विधिमंडळाने हे का केलं नाही?

निरगाठ: केलं असतं तरी पुढचं उरतंच. फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय माणसाकडे मिनेसोटा राज्याचा वैध बंदूक-परवाना होता. जुलै २०१६ मध्ये गाडी थांबवल्यावर ‘माझ्याकडे बंदूक आहे’ हे त्याने पोलिसाला आपणहून सांगितलं. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या, कॅस्टील गेला. पुढच्या वर्षी तो पोलिस निर्दोष सुटला.