मदत हवी आहे: आईंच्या पंचाहत्तरीला ओव्हनशिवाय, बिनअंड्याचा, मऊ केक (मुक्काम अकोला, महिना मे)

वऱ्हाडची_सून

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या सासूबाईंची पंचाहत्तरी आहे. घरचेच पंचवीस-तीस जण जमतील. सकाळी कणकेच्या ७५ दिव्यांनी औक्षण, दुपारी जेवण आणि संध्याकाळी नातवंडांच्या हट्टाखातर केक, असं ठरलंय. केकसाठीच मदत हवी आहे.

आमच्याकडे ओव्हन नाही. आई अंडं खात नाहीत. वरच्या-खालच्या दोन्ही कवळ्या आहेत, त्यामुळे कडक किंवा चिकट काही चालत नाही. थोडी साखर आहे, पण त्या दिवशी एक लहान तुकडा खायला डॉक्टरांनी हरकत घेतलेली नाही. आणि अकोल्याचा मे म्हणजे ४४-४५ अंश धरूनच चाला. दुपारी लाइन जाते ती कधी येईल याचा भरवसा नाही. इन्व्हर्टरवर पंखे चालतात, फ्रिज नाही.

विकतचा बिनअंड्याचा केक आणा, असं कुणी म्हणेल. मिळतो, मान्य आहे. पण हा केक घरी व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. या घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला मुलांसाठी अंड्याचा केक यायचा आणि आईंच्या बशीत वेगळा पेढा असायचा. त्यांनी कधी तक्रार केली नाही, उलट सगळ्यांच्या बशा त्याच भरायच्या. या वेळी सगळ्यांनी खायचं ते त्यांनीही त्याच ट्रेमधून खावं, आणि ते नातवंडांनी स्वतःच्या हाताने केलेलं असावं, एवढंच मला हवंय. मुलं आठ ते चौदा वर्षांची आहेत, म्हणजे गॅसजवळ फार काम नको.

बिस्किटांचे थर लावून करतात तो न भाजलेला केक मी ऐकून आहे. तो कवळीला चालेल इतका मऊ होतो का? वरचं आयसिंग या उन्हाळ्यात टिकेल का? मेणबत्त्या लावणार नाही. दिवा फुंकून विझवायचा नाही, हे आईंचं ठाम मत आहे आणि मलाही ते पटतं.

सातासमुद्रापार

ताई, तुम्ही म्हणताय तो प्रकार इकडे न्यू जर्सीत आमच्या मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, असतो. त्याला एक्लेअर केक म्हणतात. ग्रॅहम क्रॅकर्स नावाची गव्हाची बिस्किटं, मध्ये इन्स्टंट व्हॅनिला पुडिंगमध्ये फेटलेलं क्रीम मिसळून केलेला थर, पुन्हा बिस्किटं, पुन्हा पुडिंग आणि सगळ्यात वर चॉकलेटचं फ्रॉस्टिंग. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की बिस्किटं पुडिंगमधला ओलावा पितात आणि सुरीला केकसारखी लागतात. दात नसलेली माणसंही आरामात खातात, काळजी करू नका.

तुमच्याकडे बिस्किटांच्या जागी मारी घ्या आणि पुडिंगच्या जागी कस्टर्ड. कस्टर्ड पावडरीत अंडं नसतं, ती मुळात मक्याच्या पिठाची असते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं. तेव्हा तुमच्या कामाला ती अगदी योग्य आहे.

एक लिटर दुधाला सपाट आठ मोठे चमचे पावडर आणि दीडशे ग्रॅम साखर घ्या. पावडर आधी गार दुधात कालवायची. शिजल्यावर प्लास्टिकचा कागद कस्टर्डला चिकटेल असा वरून लावा, म्हणजे साय धरत नाही. पूर्ण गार झाल्यावरच त्यात फेटलेलं क्रीम मिसळा.

चिमूटभर_वेलची

कस्टर्ड चांगलंच लागतं, पण मी अमरावतीची आहे आणि मे महिन्यात फेटलेल्या क्रीमच्या वाटेला जाऊ नका असं कळकळीने सांगेन. टेट्रापॅकमधल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. त्यासाठी निदान ३० टक्के लागतो. व्हिपिंग क्रीम मिळालं तरी भांडं, बीटर, क्रीम सगळं बर्फासारखं गार हवं आणि स्वयंपाकघरही बरं हवं. आपल्या स्वयंपाकघरात या दिवसांत दुपारी बाराला उभंही राहवत नाही.

त्याऐवजी चक्का वापरा. आयसिंगला जो घट्टपणा लागतो तो चक्क्यात आयताच असतो. एक किलो चक्का, चारशे ग्रॅम घरी दळलेली पिठीसाखर, वेलची, कोमट दुधात खललेलं केशर. तासभर झाकून ठेवा आणि मग पुरणयंत्रातून काढा. बीटर नको, वीज नको. पुरणयंत्राचा दांडा फिरवायला मुलं भांडतील. पुरणाची बारीक चाळणी लावली तर चक्का असा निघतो की चमच्याने ओढलेली रेघ तशीच राहते.

श्रीखंडापेक्षा साखर मुद्दाम कमी सांगितली आहे, कारण बिस्किटं आणि चॉकलेट दोन्ही गोड असतात. आईंसाठीही ते बरं. साखर पडल्यावर चक्का थोडा सैल होतो, घाबरू नका, फ्रिजमध्ये दोन तासांत पुन्हा धरतो.

चक्का घरी बांधणार असाल तर खुंटीला टांगू नका, या उन्हात दोन तासांत आंबट होईल. चाळणीवर फडकं, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये रात्रभर. अडीच लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्याचा साधारण किलोभर निघेल.

तळेगावकर

आंब्याचे दिवस आहेत, आम्रखंडच लावा की मधल्या थराला! डेअरीतून तयार आणलं की काम झालं.

चिमूटभर_वेलची

@तळेगावकर, तयार आम्रखंड फार गोड आणि सैल असतं, थर एकमेकांवरून सरकतात. आंबा हवाच असेल तर रस कढईत आटवून, गार करून चक्क्यात घाला. किलोभर चक्क्याला वाटीभर आटवलेला रस पुरे, आणि तेवढी साखर कमी करा. अननस मात्र कच्चा घालू नका, त्यातल्या पाचक द्रव्यामुळे दूध-दह्याचे पदार्थ कडू होतात. शिजवून घातला तर चालतो.

वऱ्हाडची_सून

पुरणयंत्र! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईंचं पितळी पुरणयंत्र आहे, दर होळीला निघतं. चक्क्याची चव त्यांना आवडेल याची मला खात्री आहे, श्रीखंड त्यांच्या हातचंच खाल्लंय आम्ही.

पण एक शंका. @सातासमुद्रापार म्हणतात की बिस्किटं पुडिंगमधला ओलावा पितात. चक्क्यातलं पाणी तर आपण काढून टाकलेलं असतं. मग मारी मऊ कशी होणार?

सातासमुद्रापार

अगदी बरोबर शंका आहे. चक्का वापरला तर बिस्किटांना ओलावा बाहेरून द्यावा लागेल. प्रत्येक मारी कोमट दुधात बुडवून लगेच काढायची. एक-दोन-तीन मोजलंत तर ती हातातच तुटेल. दुधात थोडी कॉफी घातली तर चॉकलेटशी छान जुळते, पण संध्याकाळी कॉफीने आईंची झोप जात असेल तर नुसतं वेलचीचं दूध घ्या.

साधारण ९ बाय १३ इंची ट्रेमध्ये एका थराला वीसेक मारी लागतात, कडेला तुकडे बसवायचे. बिस्किटांचे तीन थर, मध्ये चक्क्याचे दोन. अडीचशे ग्रॅमचे दोन पुडे आणा, तुटकी-फुटकी धरून पुरतील. असा ट्रे नसेल तर वड्या थापायचे दोन चौकोनी ट्रे घ्या.

कवळीचं म्हणाल तर बारा तास मुरू द्या. आदल्या संध्याकाळी थर लावा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मारीचा कडकपणा शिल्लक राहणार नाही. बिस्किट आणि चक्का यांच्यामधली सीमाच हरवते, आडवा कापला की फक्त फिकट तपकिरी रेघा दिसतात.

गोडबोल्या

वरच्या चॉकलेटबद्दल लिहितो, लहान प्रमाणावर घरून केक विकतो म्हणून अनुभव आहे.

गनाश करा, म्हणजे गरम क्रीममध्ये चॉकलेट वितळवून केलेलं दाटसर मिश्रण. एरवी चॉकलेट आणि क्रीम समसमान घेतात, तुम्ही उन्हाळ्यासाठी दोनास एक घ्या. तीनशे ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट आणि दीडशे ग्रॅम साधं फ्रेश क्रीम. वर ज्याची अडचण सांगितली तेच २५ टक्क्यांचं क्रीम इथे चांगलं चालतं, कारण फेटायचं नसतं. क्रीम गरम करा, उकळू नका, गॅस बंद करून त्यात चिरलेलं चॉकलेट घाला, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर असं ढवळा. कडेने पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, विशेषतः चॉकलेट वेगळं वितळवत असाल तर ते लगेच दगडासारखं गोळा होतं.

कंपाउंडच का? खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे तुमच्याकडे ते फ्रिजबाहेर तग धरणारच नाही. कंपाउंडमध्ये त्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, ते जरा जास्त दम धरतं आणि जमवायलाही सोपं. मात्र कवळीसाठी थर पातळच ठेवा. जाड आणि गार गनाश टाळूला चिकटतो.

गनाश बोटाला कोमट लागेल इतका निवल्यावरच चक्क्यावर किंवा वरच्या बिस्किटावर ओता. गरम ओतला तर खालचा थर पाणी सोडेल.

जिलेटिन कुठे वापरू नका, ते प्राण्यांपासून करतात. काही घट्ट करायचंच झालं तर चायना ग्रास घ्या. ते समुद्री शेवाळापासून होतं, पाण्यात नीट उकळावं लागतं, आणि एकदा धरलं की ८५ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत वितळत नाही. पण चांगला निथळलेला चक्का असेल तर तुम्हाला त्याची गरज पडणार नाही.

आठवणीतलं_अंगण

केक मुलांसाठी राहू द्या आणि आईंसाठी मऊसूत सांजा किंवा दुधीहलवा करा, असं सुचवणार होते. पण तुमचा तिसरा परिच्छेद वाचला आणि थांबले. त्याच ट्रेमधूनच द्या. माझ्या आईच्या बशीतही कायम वेगळंच काहीतरी असायचं, आणि आम्ही ते कधी पाहिलंच नाही.

लाइनीचं सांगते. फ्रिज उघडला नाही तर चारेक तास आतला गारवा टिकतो. त्या दिवशी पाण्याच्या बाटल्यांसाठी सारखा फ्रिज उघडला जाणार, म्हणून पाणी माठात आणि केक फ्रिजमध्ये अशी सक्त वाटणी करा. शिवाय बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून थर्माकोलच्या पेटीत फोडून ठेवा. लाइन गेली तर ट्रे झाकून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यावर ठेवायचा. दुधाचा पदार्थ आहे, या तापमानात बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. वयस्क माणसं आणि लहान मुलं दोन्ही खाणार आहेत.

आणि ट्रे कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. ती हवा दमट असते, गार चॉकलेटवर लगेच पाण्याचे थेंब जमतात.

वऱ्हाडची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आता चित्र स्पष्ट झालं. असं करणार आहोत:

दोन दिवस आधी दही लावून फ्रिजमध्ये चक्का बांधायचा. आदल्या दिवशी दुपारी मुलं पुरणयंत्र फिरवतील आणि संध्याकाळी थर लावतील. मारी बुडवायचं काम धाकटीला, कारण तिचा हात हलका आहे. चक्क्यात केशर-वेलचीच, आंबा नाही. आईंना केशराचं श्रीखंडच आवडतं आणि जेवणात आमरस आहेच. गॅसचं काम फक्त गनाशचं, ते मी करीन, तेही त्याच दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत. वर चारोळ्या नकोत, कवळीखाली अडकतात. पिस्त्याची भरड पूड चाळून फक्त कडेने भुरभुरायची. वाटीभर चक्का बाजूला ठेवून, दुधाच्या स्वच्छ धुतलेल्या पिशवीचा कोपरा कापून त्याने मोठा नातू मधोमध '७५' काढणार आहे. पाटीवर सराव सुरू झालाय.

पुरणयंत्र माळ्यावरून काढताना आईंनी पाहिलं आणि विचारलं, "आता कसली पुरणपोळी या उन्हात?" मुलांनी काहीबाही सांगून वेळ मारून नेली.

एकच शेवटचं विचारते. गनाशचा थर सुरीने कापताना तडकतो आणि खालचा चक्का बाहेर येतो, असं एका मैत्रिणीने सांगितलं. पहिला तुकडा आईंच्या हातून कापून घ्यायचा आहे आणि त्यांच्या हाताला थोडा कंप आहे. काय करता येईल?

गोडबोल्या

दोनास एकचा गनाश फ्रिजमधून काढल्या काढल्या घट्ट असतो, म्हणून ट्रे दहा मिनिटं आधी बाहेर काढा. लांब पात्याची सुरी उकळत्या पाण्यात बुडवून, पुसून, मगच हातात द्या. पातं नुसतं वरून खाली दाबायचं, पुढेमागे ओढायचं नाही. तुम्हाला वाटत असेल तर आधीच सगळ्या तुकड्यांच्या रेषा गरम सुरीने फक्त चॉकलेटपुरत्या आखून ठेवा. लांबून दिसतही नाहीत. मग आईंची सुरी आपोआप त्या रेषेत बसेल आणि जोर लागणार नाही. प्रत्येक तुकड्यानंतर पातं पुसा.

पहिला तुकडा कोपऱ्यातला घेऊ नका, तिथे बिस्किटांचे तुकडे बसवलेले असतात आणि ते कमी मुरतात. मधल्या ओळीतला घ्या, तो सगळ्यात मऊ असतो.