बाळंतपणाच्या रजेनंतर: अर्धवेळ मागावं की पूर्णवेळच बरं?

सुपारीबाग (धागा)

प्रसूती रजा संपवून परतताना अर्धवेळ काम मागणं फायद्याचं की तोट्याचं, यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाजगी नोकऱ्या डोळ्यांसमोर ठेवून बोलूया. राज्य सरकारी नोकरीत १८० दिवसांची प्रसूती रजा असते, वर १८० दिवसांची बालसंगोपन रजाही असते, त्यामुळे तो विषय बाजूला ठेवते. पतसंस्था, दवाखाना, हॉटेल, एमआयडीसीतलं ऑफिस, बाजारपेठेतलं दुकान इथे ती बालसंगोपन रजा नाही.

माझं मत: मागावं. निदान पहिले सहा महिने.

पण तो हक्क नाही, हे धरून मागावं. कायद्याने (दुकान-ऑफिसात दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर) २६ आठवडे भरपगारी रजा आहे (दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी १२). बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोनदा दूध पाजण्याची सुटी आहे, ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर पाळणाघर आहे, आणि काम तसं असेल तर परस्परसंमतीने घरून काम आहे. अर्धवेळाचं नाव कुठेच नाही. म्हणजे ते बोलणी करूनच मिळवायचं.

बोलणी रुजू होण्याच्या सहा-आठ आठवडे आधी सुरू करा, आणि तोंडी नकोत. एका पानाचं पत्र पुरे. त्यात घड्याळाची वेळ (नुसतं 'अर्धा दिवस' नको), किती महिने, कुठली कामं ठेवणार, कुठली सोडणार आणि ती कोणाकडे जाणार, पगार किती, आणि पूर्णवेळ परत होण्याची तारीख एवढं हवं. किती महिने मागायचे ते रजा कशी घेतली यावरून ठरतं. प्रसूतीआधी आठ आठवडे घेतले असतील तर नंतर अठराच उरतात, बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. दोनच घेतले असतील तर साडेपाच महिन्यांचं, म्हणजे वरचं खाणं सुरू व्हायच्या बेतात. पहिलीला जास्त मुदत लागणार.

निम्मेच तास मागू नका. आठवड्याला ४८ तास असतील तर रोज पाच तास, सहा दिवस, म्हणजे ३० तास मागा. पगार निम्म्यावर न येता साडेबासष्ट टक्क्यांवर राहतो. २४,००० असेल तर १५,०००.

ताळेबंद

पूर्ण असहमत. सुपारीबागताई, १५,००० वर गणित संपत नाही, तिथून सुरू होतं.

ह्या २४,००० मध्ये मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १६,००० धरा. अर्धवेळात ते १०,००० होतात. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापला जात असेल तर १,८०० चे १,२०० होतात. मालकाचा वाटाही तेवढाच घटतो, म्हणजे पीएफ आणि पेन्शन मिळून दर महिन्याला १,२०० कमी.

ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात: शेवटचा पगार (मूळ आणि महागाई भत्ता) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. आठ वर्षं झालेली बाई पूर्णवेळ असताना सोडून गेली तर ७३,८४६ रुपये, अर्धवेळ असताना सोडून गेली तर ४६,१५४. सात वर्षं पूर्णवेळ राबूनही सगळ्या आठ वर्षांवर कमी पगाराचा दर लागतो. आणि बायका नोकरी सोडतात ती नेमकी ह्याच काळात, घरचं जमेनासं झालं की.

दुसरं बाळंतपण जवळ असेल तर आणखी वाईट. त्या रजेचा पगार रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. १५,००० वर असताना रजा घेतली तर सहा महिने १५,००० च, म्हणजे ५४,००० च्या आसपास पाणी सोडायचं.

आणि काम? पगार साडेबासष्ट टक्के होतो, फायली शंभर टक्केच राहतात. ताणून दुपारी तीन वाजेपर्यंत बसायचं आणि पगार दीड वाजेपर्यंतचाच घ्यायचा. त्यापेक्षा पूर्णवेळ राहा, दोन सुट्या हक्काने घ्या (त्यांचे पैसे कापता येत नाहीत), आणि फक्त वेळ मागेपुढे करून मागा. साडेनऊऐवजी साडेआठ, म्हणजे संध्याकाळची लवकरची एसटी मिळते.

कुडाळपेठ

ह्यां सगळां पगारी ऑफिसातल्या बायकांसाठी झालां. काजूच्या कारखान्यातलं कोणी बोलत नाही.

तिथे फोडणी (काजूचं टरफल फोडणं), सोलणी (आतली साल काढणं) दोन्हीचे पैसे किलोवर. अर्धवेळ मागायची गरजच नसते, बाई कमी बसली की कमी किलो, कमी पैसे. तिची लढाई दोन गोष्टींची. एक, हजेरीपटावर नाव रोज चढलं पाहिजे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेलं दाखवता आलं नाही तर पुढच्या वेळी प्रसूतीचा लाभच नाही. किलोचे पैसे वहीत, पण हजेरी कोरी, असं सर्रास चालतं. दोन, फोडणीवरून सोलणीला किंवा प्रतवारीला बदली. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी सोलवटते, आणि त्याच हातांनी दुपारी बाळाला घ्यायचं. राख-तेल लावलं तरी पुरतं जात नाही. बदली मागताना प्रतवारीचा दर आधी विचारा. तो कमी पडत असेल तर तिथेच तोंडावर बोला, पगाराच्या दिवशी नको.

पेढीवाला

मालकांच्या बाजूने कोणीतरी लिहायला हवं. चार माणसांच्या पतसंस्थेत रोखपाल अर्धवेळ चालत नाही. तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे, सकाळी उघडताना दोघं हवेत, संध्याकाळी रोकड जुळवतानाही दोघं हवेत. दीडला रोखपाल उठली तर दिवसात दोनदा रोकड जुळवावी लागते. नोटांचा तपशील लिहायचा (५०० च्या किती, २०० च्या किती, फाटक्या वेगळ्या), देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. पंचवीस मिनिटं जातात, आणि तेवढ्यात काउंटरवर पिग्मी एजंटांची (रोजची बचत गोळा करून आणणाऱ्यांची) रांग. संध्याकाळी शंभर रुपये कमी आले तर कोणाचे, हा वाद ठरलेला.

म्हणून माझा सल्ला: मागायचंच असेल तर काउंटर सोडून मागा. कर्ज अर्ज तपासणी, थकबाकीच्या नोटिसा, नवीन खात्यांची कागदपत्रं ही कामं पाच तासांत बसतात. 'माझंच टेबल, पण निम्मा वेळ' म्हटलं की नकारच येणार. आणि पहिल्याच दिवशी सहा महिने मागण्यापेक्षा तीन मागा, पुढचे तीन काम बघून. लहान संस्थेत संचालक मंडळाला तीन महिने पटवणं सोपं जातं.

सुपारीबाग

पेढीवाला, काउंटर सोडण्याचं पटलं. तीन महिन्यांचं नाही. जून-जुलैत रुजू होणारीचे तीन महिने पावसातच जातात. दरड, उशिराची एसटी, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, वाडीत दिवसदिवस वीज नाही. मग गणपती. काम बघायला तुम्हाला खरा महिना मिळणार कुठला? तिने थेट दिवाळीपर्यंतचं मागावं. उलट मालवण-तारकर्लीच्या हॉटेलात पावसाळा मंदीचा, तिथे जून ते सप्टेंबर अर्धवेळ चटकन मिळतं. ऑक्टोबरनंतर मात्र विचारूही नये.

ताळेबंद, ग्रॅच्युइटीचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच परतीची तारीख पत्रात हवी म्हटलं. दुसरं मूल मनात असेल तर रजेआधी किमान तीन पूर्ण महिने पूर्णवेळ पगारावर आलं की सरासरी परत वर जाते.

एक राहिलं. आठवड्याला तीन पूर्ण दिवस घेऊ नका. प्रवास वाचतो म्हणून मोह होतो, पण वर्षाला १५६ दिवस भरतात, आणि अर्जित रजेला त्याहून जास्त लागतात. रोज पाच तास असले तर दिवस भरतात. पण पत्रात 'पूर्ण हजेरी, कमी तास' असं लिहून घ्या. नाहीतर संगणकावर रोज 'हाफ डे' पडतो, वर्षअखेर ३०० दिवसांचे १५० होतात, आणि रजा शून्य आल्यावर कळतं.

ड्युटीसिस्टर

दवाखान्यात तास कमी करून उपयोग नाही, रात्रपाळी काढून घ्या. पाळी आठ तासांचीच राहू दे, फक्त सकाळची, बाळ वर्षाचं होईपर्यंत. पगार शाबूत राहतो.

दुधाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण वेळ त्यावरच ठरते. दर तीन तासांनी दूध काढावं लागतं, नाहीतर गाठी होतात, ताप येतो आणि दूध आटतं. पाच तासांच्या कामात एकदा काढून भागतं. आठ तास अधिक दोन्हीकडचा तासाभराचा प्रवास म्हटलं की तीनदा. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं ते २५ अंशांपर्यंत. आपल्याकडे मे महिन्यात तेवढा गारवा पहाटेही नसतो. बर्फाच्या पिशव्या घातलेला जाड झाकणाचा डबा हवा, त्यात २४ तास राहतं. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला चार दिवस, दारात ठेवू नका. वीज गेली की फ्रीज उघडायचा नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा.

घर बारा किलोमीटरवरच्या वाडीत असेल तर दूध पाजण्याची सुटी घरी जायला उपयोगाची नाही. तीच सुटी दूध काढायला, कडी असलेल्या खोलीत, अशी लिहून घ्या. शौचालयात काढायला सांगतील, तिथे ठाम नाही म्हणा.

ताळेबंद

सिस्टर म्हणतात तेच माझं म्हणणं: तास तेच, पगार तोच, अटी बदला. सुपारीबागताई, तुमच्या पत्रातही 'पाच तास असले तरी दोन सुट्या राहतील' हे वाक्य घाला, नाहीतर 'लवकर जातेस ना, मग सुटी कसली' हे ऐकावं लागतं.

तरीही कोणी अर्धवेळ घेणारच असेल तर दोन गोष्टी तपासा. पगार २१,००० च्या खाली आला आणि आस्थापना ईएसआयखाली (कर्मचारी राज्य विमा) असेल तर ०.७५ टक्के कपात सुरू होईल. १५,००० वर ११३ रुपये. पुढे पगार वाढला तरी ती सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत चालू राहते, घाबरू नका. ऑफिसच्या गट आरोग्य विम्यात 'पूर्णवेळ कर्मचारी' अशी अट आहे का, ते पॉलिसीच्या कागदात वाचा, साहेबांना विचारून थांबू नका.

आणि 'राजीनामा द्या, आम्ही लगेच अर्धवेळ नव्याने घेतो' असं कोणी म्हणालं तर सही करू नका. सेवा तुटते, ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा एकपासून मोजायला लागतात, आणि नव्या नेमणूकपत्रात परिविक्षा काळ (प्रोबेशन) येतो, ज्यात काढून टाकणं सोपं. जुन्याच नेमणुकीवर सुधारित वेळेचं पत्र, संस्थेच्या शिक्क्यासह, एवढंच घ्यायचं.

सुपारीबाग

राजीनाम्याबाबत शंभर टक्के सहमत. बाकी माझं मत तेच. सकाळची पाळी आणि कडीची खोली देणारे दवाखाने मोठ्या गावांत सापडतील, देवरुख-राजापूरच्या चार माणसांच्या ऑफिसात पाच तासच मागता येतात. पत्राचा मसुदा कोणाला हवा असेल तर पद, सध्याची वेळ आणि रुजू होण्याची तारीख इथेच लिहा, तसा करून देते.