तिसरा महिना सरेपर्यंत कामावर गप्पच राहायचं का?

शिरोलीची_बिलिंगवाली

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी बिलिंगला बसते. गेल्या वर्षी मला दिवस गेले आणि सहाव्या आठवड्यापासून ओकाऱ्या सुरू झाल्या. नुसत्या सकाळच्या नव्हेत, दिवसभराच्या. पर्समध्ये दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि ओला रुमाल घेऊन कावळा नाक्यावर बस पकडायची. पंचगंगेचा पूल येईपर्यंत पहिली पिशवी वापरून झालेली असायची. बायकांचं टॉयलेट शेडच्या पार टोकाला, वजनकाट्याजवळ. जळक्या वाळूच्या वासातून तिथवर जायचं, तोंड धुऊन परत यायचं, तोवर कुणीतरी कांदा-लसूण चटणीचा डबा उघडलेला असायचा.

आई आणि सासूबाई दोघींनी बजावलं होतं, तिसरा सरल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. म्हणून ऑफिसात ‘पित्त झालंय’ म्हणत राहिले. एका ई-वे बिलात, म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदात, गाडीचा नंबर चुकला, गाडी रस्त्यात अडवली गेली, आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, हिचं कामात लक्ष नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. नवव्या आठवड्यात 53 किलोंवरून 49 वर आले, लघवीत कीटोन निघाले (म्हणजे शरीर उपाशी पडलेलं), तीन दिवस सलाईनवर होते. त्या तीन दिवसांचा पगारही कापला, कारण अर्जात मी पित्तच लिहिलं होतं.

बाळंतपणाच्या 26 आठवड्यांशिवाय, गरोदरपणामुळे आलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंतची पगारी रजा वेगळी मिळते, हे मला फार उशिरा कळलं. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात ती होती, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. डॉक्टरांचा दाखला जोडायचा. पण ती मागायची तर गरोदर आहे हे सांगावं लागतं, आणि आपण नेमकं तेच लपवतो. माझं स्पष्ट मत आहे की त्रास जास्त असेल तर दुसऱ्या महिन्यातच कामावर सांगून टाकावं.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

ताई, तुम्हाला रजेचा अर्ज तरी करता येत होता. मी एका साड्यांच्या दुकानात होते, सगळी मिळून सात माणसं. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला तो कायदा लागतच नाही. नेमणुकीचं पत्र नाही, पगार पाकिटातून. दिवसभर उभं राहून साड्या उलगडायच्या, नव्या साडीच्या खळीचा वास आला की पोटात ढवळायचं. दुसऱ्या महिन्यात प्रामाणिकपणे सांगितलं. ‘घरी आराम कर, बाळंतपण झालं की बघू’ म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले. मुलगी आता चार वर्षांची आहे, अजून बोलावणं आलेलं नाही.

घरभाडं माझ्या पगारातून जात होतं. जिचा पगार थांबला की घर अडतं, तिनं जितके दिवस लपवता येईल तितके लपवावं. मी कुणालाही हेच सांगेन.

उद्यमनगर_वर्कशॉप

मालकाची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे 22 माणसं, त्यात ऑफिसात तीन मुली. पार्टीला माल वेळेत गेला नाही तर पुढची ऑर्डर जाते. यातली एक मुलगी दोन महिने आठवड्यातून दोनदा गैरहजर, दर वेळी कारण वेगळं. मी तिला बोललो, बरंच बोललो. खरं कारण माहीत असतं तर डिस्पॅच दुसऱ्याकडे दिलं असतं आणि माझ्या तोंडून ते शब्द गेले नसते. त्यामुळे सांगावं, हे मला पटतं.

पण पगाराचं काय? हा एक महिना, वर 26 आठवडे, आणि तिच्या जागी बसवलेल्या माणसाचा पगार वेगळा. कायदा सरकारनं केला आणि पावती आमच्या नावानं फाडली. छोट्या कारखानदाराला हे झेपत नाही. मग नवं लग्न झालेल्या मुलीला कामावर घेताना तो दहादा विचार करतो. हे चुकीचं आहे, पण घडतंय.

शिरोलीची_बिलिंगवाली

दादा, 22 माणसं म्हणजे तुम्हाला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असणार. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईचे बाळंतपणाच्या रजेचे पैसे ईएसआय महामंडळ देतं, गरोदरपणातल्या आजाराचा जादा महिनाही त्यातच येतो. त्यासाठीच तर तुम्ही दर महिन्याला पगाराच्या 3.25 टक्के भरता.

उद्यमनगर_वर्कशॉप

हे आमच्या कन्सल्टंटनं कधी सांगितलं नाही. उद्याच विचारतो. 21,000 च्या वर पगार असलेल्या मुलीबद्दल मात्र माझं म्हणणं तसंच आहे.

मंगळवार_पेठ

नातीकडनं लिवून घेतलंय. आमच्या वक्ताला रजा कुठली पोरींनो, सातव्या म्हैन्यापातूर उसात भांगलण केली. तसंच करा असं म्हणत न्हाई म्या. पण तीन म्हैनं बोलू नये हे आमच्या आयांनी उगंच सांगितलं न्हाई. नजर म्हंजे काय, लोकांची तोंडं. पोर राह्यलं न्हाई तर तीच माणसं दारात येऊन इचारत्यात, काय खाल्लंस, कुठं गेलीस. त्यो घोर बाईला सोसत न्हाई. आमच्या आया अडाणी न्हवत्या.

सिस्टर_20_वर्षं

सांगायचं की नाही यावर बोलणं चाललंय, पण आधी दवाखान्यात कधी जायचं ते वाचा. डोहाळे लागणं वेगळं आणि हे वेगळं. मळमळ साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होते, नवव्याच्या आसपास जास्त असते आणि बहुतेकींची चौथा-पाचवा महिना लागेपर्यंत उतरते. पण 24 तास पाण्याचा घोटही टिकत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा गडद होत असेल, उभं राहिलं की अंधारी येत असेल, तर थांबू नका. वजन पाच टक्क्यांनी उतरणं, म्हणजे 50 किलोच्या बाईचं अडीच किलो, हे गंभीर आहे. आमच्याकडे बायका येतात तेव्हा जीभ कोरडी ठाक आणि हाताची शीर सापडत नाही, इतका उशीर झालेला असतो. विचारलं तर म्हणतात, ‘कामावर खाडा नको म्हणून राहिले.’

आणि ‘मनाचे खेळ आहेत, सगळ्यांनाच होतं’ हे कुणी म्हणत असेल तर त्यांना सांगा, गर्भ आणि वार यांच्याकडून आईच्या रक्तात जाणाऱ्या जीडीएफ15 या संप्रेरकाशी याचा संबंध 2023 साली संशोधनातून पुढे आला आहे. ज्या बाईच्या शरीराला त्याची आधी सवय नसते तिला जास्त त्रास होतो. डॉक्सिलामाइन आणि बी6 ची गोळी डॉक्टर देतात, ती मनानं बंद करू नका. लोहाच्या गोळीनं मळमळ वाढत असेल तर तसं सांगा. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मूठभर साधे चुरमुरे खा. पोट रिकामं राहिलं की जास्त ढवळतं.

शिरोलीची_बिलिंगवाली

आजी, तुमचं म्हणणं मला लागलं. पण पोर राहिलं नाही तर त्याचीही सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. ज्या बाईनं काहीच सांगितलेलं नसतं, ती चौथ्या दिवशी कामावर येते आणि कुणाला पत्ताही नसतो.

कसबा_बावडा

मी एका पतसंस्थेत काउंटरला आहे. सहाव्या आठवड्यात सांगितलं होतं, कारण काउंटर सोडून सारखं उठावं लागायचं. सांगितलं फक्त मॅनेजरना, दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्या स्टाफला माहीत. नवव्या आठवड्यात गेलं. सहा आठवड्यांची रजा असते हे मला आज इथे वाचून कळतंय. मी अकराव्या दिवशी काउंटरवर होते. त्या दिवशी पिग्मी एजंटनं विचारलं, एका नेहमीच्या खातेदार काकूंनी विचारलं, ‘काय गं, कितवा?’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी प्रत्येकाला उत्तर मलाच द्यावं लागलं.

आजी म्हणतात ते मी भोगलंय. पुढच्या वेळी मी नाही सांगणार.

शिरोलीची_बिलिंगवाली

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. सरसकट ‘सांगून टाकावं’ लिहिलं ते मी मागे घेते. मग फक्त रजा मंजूर करणाऱ्या एका माणसाला, आणि तेही लेखी, असं केलं तर? दाखल्याची झेरॉक्स जोडायची आणि अर्जात शेवटी ओळ टाकायची: ‘ही माहिती इतर कर्मचाऱ्यांना कळू नये ही विनंती.’

राजारामपुरी_सातवी_गल्ली

तुमच्यासारख्या कंपनीत चालेल. आमच्या दुकानात मालक, त्यांची बायको आणि गल्ला एकाच टेबलावर.

कसबा_बावडा

अर्ज इनवर्डला, म्हणजे आलेले कागद घेतात त्या टेबलावर, देऊ नका. आमच्याकडे शिक्का मारायच्या आधी तिथली दोघंही वाचतात. पाकीट चिकटवून स्वतः हातात द्या, आणि पोच घेताना वहीत विषय नुसता ‘रजा अर्ज’ लिहा.