‘आदत’ पिल्लू आणि ‘चौखूर’ कुत्रं : दातांचे आणि चालीचे शब्द

मिरजकर : कारवानी कुत्र्यांवर मराठीत चार पानं लिहायला घेतली आहेत. (टपाल खात्यानं २००५ साली तिकीट काढलं ते ‘मुधोळ हाउंड’ या नावानं. आमच्याकडे तोच कारवानी, आणि कानाशेपटीला झुपकेदार केस असतील तर पश्मी.) दोन ठिकाणी गाडी अडली. शोमध्ये परीक्षक ज्याला ‘मूव्हमेंट’ म्हणतात, त्याला मी ‘हालचाल’ लिहिलं. आईनं वाचलं आणि म्हणाली, ‘हालचाल थांबली असं लिहिलंस की कुत्रं गेलंच म्हण.’

दुसरी अडचण दातांची. माडग्याळजवळ एका धनगरवाड्यावर पिल्लू बघायला गेलो होतो. मामांनी अंगठ्यानं पिल्लाचा ओठ वर सारला. पुढचा एक दात हलत होता. नखानं जरा टोकरला तर थेट तळहातावर, तांदळाच्या कणीएवढा. मामा म्हणाले, ‘आदतच हाय म्हना की. सुळं पडायचं हाईत अजून.’ बैलाचा शब्द कुत्र्याला लावतात का?

खरसुंडीचा बाजारकरी : लावतात, पण तो तेवढ्यापुरताच चालतो. आमच्या खिलाराच्या बाजारात आदत म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेला खोंड. (शहरातल्या पाव्हण्याला वाटतं, जनावराला काय खोड आहे की काय!) पुढं दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा, मग सहादाती, आणि आठही दात आले की जुळला. खोंडाला दोन दात लावायला दोनेक वर्षं लागतात आणि जुळायला चार-पाच. भाव त्यावरच ठरतो. कुत्रं हा सगळा कारभार सात महिन्यांत उरकतं. त्याला दुसा म्हणेपर्यंत ते चौसा झालेलं असतं, मग त्या शब्दाचा उपयोग काय?

अजून एक सांगतो. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, नुसती हिरडी. आमचं ‘जुळणं’ खालच्या आठ दातांचं. तुम्ही कुत्र्याच्या वरच्या-खालच्या दातांना ‘जुळणी’ लिहिलं तर आमच्याकडचा वाचणारा वय समजंल.

पशुवैद्य, विटा : बाजारकऱ्यांशी सहमत. आकडे लिहून ठेवा : दुधाचे २८, कायमचे ४२. त्यात पटाशीचे १२, सुळे ४, उपदाढा १६, दाढा १०. वर २०, खाली २२. म्हणजे कुत्र्याची बत्तिशी नसते, बेचाळिशी असते, आणि ती सात महिन्यांतच गाठतं!

दात मिटल्यावर वरच्या पटाशीची आतली कड खालच्या पटाशीच्या बाहेरच्या अंगाला घासून बसली पाहिजे, कात्रीची पाती बसतात तशी. याला ‘कातर पकड’ म्हणा, कुणालाही कळेल. टोकाला टोक भिडत असेल तर ‘चिमटा पकड’. खालचा जबडा पुढे आला असेल तर सरळ तसंच लिहा, नवा शब्द पाडायची गरज नाही. ही जात पळत्या सशाला धावता धावता धरणारी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार बंद आहे, तरी जबडा त्याच कामाचा आहे.

वाईकर : ‘दाढ’ शब्दाची गंमत सांगायचा मोह आवरत नाही. तो संस्कृत ‘दंष्ट्रा’वरून, प्राकृत ‘दाढा’मार्गे आला. पण दंष्ट्रा म्हणजे सुळा. वराहानं पृथ्वी उचलली ती दंष्ट्रेवर. मराठीत येईतो शब्द तोंडात मागे सरकला आणि दळायच्या कामाला लागला. कुत्र्याची मोठी दाढ मात्र दळत नाही, मांस कापते. तिथं जुन्या अर्थाची धार अजून शिल्लक आहे, असं मला वाटतं.

आता मूव्हमेंट. ‘हालचाल’ नकोच, ‘चाल’ हा रोकडा शब्द असताना जोडशब्द कशाला? बैलाची चाल, घोड्याची चाल आपण रोज म्हणतो. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडतो ती दुडकी चाल. परीक्षक बहुतेक वेळ तीच बघतात. पाऊल किती लांब पडतं त्याला ‘ढांग’. मागून अंग ढकलणाऱ्या जोराला ‘रेटा’. ढांग लांब आणि रेटा कमी असलेलं कुत्रं नुसतं दिसायला छान.

वाद होईल तो कुत्र्याच्या सुसाट पळण्याला ‘चौखूर’ म्हणण्यावर. कुत्र्याला खूर नाहीत, पंजे आहेत, हे मान्य. पण चौखूर उधळणं म्हणताना खूर कोण मोजतं? शिवाय घोडा भरधाव पळताना एका फेरीत एकदाच पूर्ण अधांतरी असतो, पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. कारवानी दोनदा असतो : एकदा पाय गोळा करून, एकदा ताणून. त्यामुळे मी तरी चौखूर ठेवीन.

बाजारकरी : खूर न्हाई तिथं चौखूर न्हाई. ‘भरधाव’ लिवा.

मिरजकर : चाल, दुडकी, ढांग, रेटा, कातर पकड, सगळे घेतले. दुसा-चौसा गाळले. चौखूरचं रात्री ठरवतो. डॉक्टर, एकच राहिलं. मागच्या पायाचा मागे वळलेला तो कोन, त्याला सगळे गुडघा म्हणतात. तसंच ठेवू?

पशुवैद्य, विटा : नको. ती टाच आहे. गुडघा वर, पोटाजवळ. कुत्रं जन्मभर चवड्यावरच चालतं.