सिस्टर कन्सर्न आणि कर्जाचे करार: बडोदेकरांनो, तुमचे अनुभव लिहा

कोटिंगवाला, मकरपुरा:
जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या दोन प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आहेत, म्हणजे एकमेकींच्या सिस्टर कन्सर्न (सहयोगी संस्था). एक पंपांचे सुटे भाग करते, दुसरी पावडर कोटिंग. पॅन, जीएसटी, खाती सगळं वेगळं. कोटिंगमध्ये माझ्या मावसभावाचा 40 टक्के हिस्सा आहे, पंपांशी त्याचा काही संबंध नाही.

2021 साली एका मोठ्या गिऱ्हाइकाने पंपांचे पैसे अडकवले आणि तीन हप्ते थकले. कर्ज देणाऱ्यांचं पत्र आलं ते कोटिंगच्या कंपनीला. तिने पंपांच्या कर्जावर सही केलेली नव्हती, हमीही दिलेली नव्हती. पण तिच्या स्वतःच्या सीसीच्या (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या) करारात, एकोणिसाव्या पानावर एक ओळ होती: 'कर्जदार किंवा त्याची कोणतीही सहयोगी संस्था थकल्यास.' कर्ज देणारी संस्था दोन्हीकडे एकच. सीसीचं लिमिट गोठलं, म्हणजे त्यातून पैसे काढता येईनात. पावडरवाल्याने उधारी बंद केली आणि अकरा दिवस भट्टी थंड राहिली. एकही हप्ता न चुकवलेल्या कंपनीची ही गत! भावाने मला एवढंच विचारलं, "दादा, तू ती ओळ वाचली होतीस का?" मी वाचली नव्हती.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर सविस्तर लिहा.

सीए, रावपुरा:
दादा, ही ओळ माझ्याकडे दर दोन-तीन फायलींमागे एकदा दिसते. सॅंक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) आलं की सहीच्या आधी मी व्याख्यांचं पान उघडते. 'सहयोगी संस्था' हा शब्द काढून घ्या म्हणायचं. नाहीच ऐकलं तर संस्थांची नावं लिहून घ्यायची, म्हणजे उद्या काढलेली तिसरी कंपनी आपोआप आत येत नाही. क्रॉस डिफॉल्ट, म्हणजे एक कर्ज थकलं की दुसरंही थकलेलं धरायचं कलम, फक्त त्याच कर्जदाराच्या थकबाकीपुरता ठेवायचा. एका कंपनीच्या खात्यातून दुसरीची बाकी वळती करण्याचं कलमही तिथेच आसपास असतं, तेही बघा.

कंपनीची हमी मागितली तर जास्तच जपा. करार कायदा 1872, कलम 128: करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणून हमीत रक्कम आणि कोणत्या कर्जासाठी ते लिहूनच घ्या. अटी परस्पर बदलल्या तर जामीनदार पुढच्या व्यवहारांतून सुटतो असं कलम 133 म्हणतं, पण छापील हमीपत्रांत तो हक्क बहुतेक वेळा आधीच सोडून दिलेला असतो. शिवाय कंपनीने दुसऱ्यांना कर्ज देण्यावर बंधनं घालणारी कंपनी कायदा 2013 ची 185 आणि 186 ही कलमं हमीलाही लागतात. बोर्डाचा ठराव न करता हमी दिलेली प्रकरणं मी निस्तरली आहेत, फार त्रास होतो.

मसाला पॅकिंग, मांजलपूर:
माझी दोन्ही दुकानं प्रोप्रायटरी. नावं वेगळी, पाट्या वेगळ्या, पण कायद्याने मालक मी एकटीच. एका दुकानाच्या कर्जात दुसऱ्याचा माल गेला, तेव्हा कळलं की तिथे वेगळेपण नव्हतंच.

निवृत्त बॅंक अधिकारी, दांडिया बाजार:
आमच्या बाजूचंही सांगतो. कंपनी ही तिच्या मालकांपासून वेगळी, हा इंग्लंडचा 1897 चा सालोमन खटला आम्ही पाठ केलेला. पण शाखेत फाइल यायची तेव्हा दोन्ही कंपन्यांचा फोन एक, गोदाम एक, एकीच्या कामगारांचा पगार दुसरीच्या खात्यातून. पैसा असा इकडून तिकडे फिरताना दिसला की बॅंक ते कलम घालणारच, आणि मीही घातलं आहे. ज्यांच्याकडे गोदामाचा भाडेकरार, आपसातल्या मालाची बिलं आणि उसनवारीचे ठराव नीट असायचे, त्यांच्यासाठी ते कलम काढायला मी वर शिफारस करू शकत होतो. हातात कागद नसला की माझाही नाइलाज व्हायचा.

फॅब्रिकेशन, पोर:
भावाच्या कंपनीच्या कर्जाला आमच्या कंपनीचा प्लॉट तारण दिला होता. कर्ज फिटलं, पेढे वाटले. दोन वर्षांनी एका मशिनसाठी आम्ही नवीन कर्जाला गेलो तर कंपनी निबंधकाच्या नोंदीत बोजा तसाच. फिटल्यापासून 30 दिवसांत सीएचजी-4 (बोजा उतरवल्याची नोंद करायचा फॉर्म) भरायचा असतो, तो कोणीच भरला नव्हता. भावाला वाटलं आम्ही भरू, आम्हाला वाटलं तो भरेल. दंड गेला, आणि ती मशिन दुसऱ्याने उचलली.

कोटिंगवाला, मकरपुरा:
काका, पगाराचं बरोबर ओळखलंत. 2020 मध्ये चार महिने आम्ही तसेच पगार केले होते. ताई, मार्चमध्ये सीसीचं रिन्यूअल आहे. मसुदा आधी मागवून घेतो, आणि या वेळी एकोणिसावं पान भाऊ माझ्या शेजारी बसून वाचणार आहे.