मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपचा वेबकॅम यूएसबीवर चालतो, पण 1280×720 चा व्हिडिओ सुरू होताच तुटतो

बंद पडलेल्या लॅपटॉपच्या स्क्रीनच्या चौकटीतून वेबकॅमची पट्टी काढून यूएसबी केबलला जोडली आहे. कनेक्टरला सहा तारा आहेत. त्यातल्या दोन माइकच्या, त्या मोकळ्या ठेवल्या. ग्राउंडची तार स्क्रूच्या भोकाशी कंटिन्युइटी (थेट विद्युत जोड आहे का ते) तपासून शोधली, डेटाच्या दोन तारा अदलाबदल करून जमवल्या. संगणक कॅमेरा लगेच ओळखतो, त्यामुळे जोडणी बरोबर असावी.

अशा बऱ्याच पट्ट्या 3.3 व्होल्टच्या असतात, म्हणून व्होल्टेज उतरवायला यूएसबीच्या 5 व्होल्टच्या तारेत 1एन4007 चे दोन डायोड सलग टाकलेत. नुसता जोडलेला असताना 3.7 व्होल्ट मिळतात. 640×480 पिक्सेलला चित्र व्यवस्थित दिसतं. 1280×720 केलं की व्होल्टेज 3.2 पर्यंत उतरतं आणि दोन-तीन सेकंदांत कॅमेरा गायब होतो.

केबल एक मीटरवरून 20 सेंटीमीटर केली, डेटाच्या तारांना पीळ दिला, दुसरा पोर्ट आणि दुसरा संगणकही वापरून पाहिला. फरक नाही. पट्टीवर व्होल्टेज छापलेलं नाही, आणि मदरबोर्ड पूर्ण मेलेला असल्याने मूळ कनेक्टरवर मोजता येत नाही. हाताशी फक्त मल्टिमीटर आहे, त्यामुळे क्षणिक घसरण दिसत नाही. सरळ 5 व्होल्ट देऊन सेन्सर जाळायची इच्छा नाही.

डायोड काढून एएमएस1117-3.3 (स्थिर 3.3 व्होल्ट देणारा रेग्युलेटर) लावायचा विचार आहे. त्याच्या आउटपुटला 22 मायक्रोफॅरडचा टँटॅलम कपॅसिटरच हवा, की सिरॅमिक चालेल? आणि ही लक्षणं खरंच व्होल्टेजची वाटतात, की डेटाच्या तारांची?