उपग्रह आणि सेन्सरचं प्रशिक्षण: १२ दिवसांत नवख्या कृषी पदवीधरांना नेमकं काय शिकवावं?

रानवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी १६ जणांचं १२ दिवसांचं प्रशिक्षण आखतेय. काही बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेले, काही कृषी पदविकावाले, वय २१ ते २५. पुढे प्रत्येकाकडे सुमारे ८० शेतकरी असतील. पिकं ऊस, कांदा, सोयाबीन, गहू. जमीन बहुतेक भारी काळी, कालव्याच्या कडेला थोडी चोपण (सोडियममुळे बिघडलेली).

आठ लॅपटॉप आहेत, क्यूजीआयएस (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) टाकलेलं आहे. सेन्सर अजून घेतलेले नाहीत. मला धास्ती एकच आहे: रंगीत नकाशा बघून पोरं शेतकऱ्याला "इथं पाणी कमी पडलंय" असं बेधडक सांगून मोकळी होतील. उपग्रहाचं कुठून सुरू करावं? काळ्या जमिनीत ओलाव्याचे सेन्सर खरं सांगतात का? आणि पोरांना जमलं की नाही, हे कशावरून ठरवावं?

गुंठाभर_पिक्सेल

ताई, पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडूच नका. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन शेतात १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन आखायला लावा. झाले १०० चौरस मीटर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. सेंटिनेल-२ उपग्रहाचे निळा, हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त हे चार बँड (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे) १० मीटरचे आहेत, म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ एक गुंठा. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे घोटाळे तिथेच टळतात.

मग त्याच शेतात हिशोब करून घ्या. २० गुंठ्यांचा प्लॉट साधारण ४५ बाय ४५ मीटर. कडेच्या पिक्सेलमध्ये बांध, बांधावरची बाभूळ आणि शेजाऱ्याचं पीक मिसळतं, म्हणून चहूबाजूंनी १० मीटर आत यायचं. उरले २५ बाय २५ मीटर, म्हणजे जेमतेम सहा पिक्सेल. एवढ्यावर "प्लॉटच्या या कोपऱ्यात पीक मागे आहे" असं सांगू नये. लाल-कडेचे (लाल आणि अवरक्त यांच्या मधले) आणि लघुतरंग अवरक्त बँड तर २० मीटरचे, तिथे एक पिक्सेल चार गुंठ्यांचा.

हद्द गट नकाशावरून उचलू नका. एका गटात चार खातेदार असतात आणि नकाशा उपग्रहचित्रावर बसवताना सरकतो. मोबाइल घेऊन बांधावरून चालत हद्द नोंदवा. फोनची चूक ३ ते ५ मीटर धरा, १० मीटर आत आल्यावर ती पोटात जाते. क्षेत्र मोजताना प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएम झोन ४३ उत्तर ठेवा, क्यूजीआयएसमधला कोड ३२६४३. तुमच्या पोरांपैकी कुणी पुढे नागपूर-वर्ध्याकडे गेलं तर तिथे झोन ४४ लागतो. रेखांश ७८ अंश ही सीमा.

यानंतरचे दोन दिवस फक्त "चित्र खोटं कधी बोलतं" यासाठी ठेवा. पहिलं कारण ढग. पातळी-२ए च्या (वातावरणाचा परिणाम काढून टाकलेल्या) चित्रासोबत वर्गीकरणाचा थर येतो. त्यातले ३ (ढगाची सावली), ८, ९ (ढग) आणि १० (विरळ उंच ढग) हे वर्ग वगळायचे. तरी छोटे ढग सुटतात, म्हणून मूळ रंगीत चित्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरं कारण फारसं कुणी शिकवत नाही. २५ जानेवारी २०२२ पासून या चित्रांच्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. ते वजा करून मगच १०,००० ने भागायचं. विसरलात तर काय होतं ते फळ्यावर मांडा: खरे आकडे अवरक्त ३००० आणि लाल ५०० असतील तर एनडीव्हीआय (पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक: दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज) ०.७१ येतो. १००० न वजा करता ४००० आणि १५०० धरले तर ०.४५. हिरवागार फड आजारी दिसतो! गूगल अर्थ इंजिनवर (उपग्रहचित्रं ऑनलाइन हाताळायची सेवा) काम करणार असाल तर 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच घ्या, त्यात हे आधीच जुळवलेलं असतं.

प्रशिक्षण ऑक्टोबरनंतर ठेवा. जून ते सप्टेंबर ढगांमुळे ही चित्रं हाती लागतीलच असं नाही. सोयाबीनसाठी सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं, पण ते वेगळं शास्त्र आहे. १२ दिवसांत त्याची अर्ध्या दिवसाची ओळख पुरे.

आणि आकडा एकटा वाचायचा नाही. एनडीव्हीआय ०.५ चांगला की वाईट, याला उत्तर नाही. त्याच जातीच्या, त्याच पंधरवड्यातल्या लागणीशी तुलना करा. आडसाली लागण आणि खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) एकत्र मांडले तर नकाशा निरर्थक होतो. उसाचा पाला एकमेकाला भिडला की एनडीव्हीआय वर जाऊन थांबतो. तिथून पुढे लाल-कडेच्या बँडचा निर्देशांक बघा.

वाफसा_मोजणारा

वर उपग्रहाचं आलं आहे, मी सेन्सरपुरतं लिहितो.

चार-चार जणांचे चार गट करा. प्रत्येक गटाला ओलाव्याचे तीन कपॅसिटिव्ह सेन्सर (१५, ३० आणि ४५ सेंमी खोलीसाठी) आणि ३० सेंमीवर एक टेन्शिओमीटर (माती पाणी किती घट्ट धरून आहे ते दाखवणारी नळी). दोन सेन्सर जादा ठेवा, एखादा तुटतोच.

स्वस्त कपॅसिटिव्ह पट्ट्या शिकण्यासाठी उत्तम, कारण त्यांच्यात दोष उघड दिसतात. पट्टीच्या कापलेल्या कडा पाणी पितात, म्हणून कडांना इपॉक्सी किंवा नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्या. वरच्या इलेक्ट्रॉनिक भागावर इपॉक्सी भरून श्रिंक ट्यूब चढवा. बॅटरी उतरली की आकडा सरकतो, म्हणून स्थिर व्होल्टेज द्या. ईएसपी-३२ (वाचनं नोंदवणारा छोटा वायफाय बोर्ड) वापरणार असाल तर सेन्सर ३२ ते ३९ या पिनांवर जोडा, बाकीच्या अ‍ॅनालॉग पिना वायफाय चालू असताना चालत नाहीत. एका वेळी २० वाचनं घेऊन मधलं घ्या. १५ सेंमीचा सेन्सर दिवसाच्या उष्णतेनेही हलतो, त्यामुळे तुलना रोज पहाटे सहाच्या वाचनांची करा.

खरं काम कॅलिब्रेशनचं (सेन्सरचा आकडा खऱ्या ओलाव्याशी जुळवायचं), त्याला तीन दिवस द्या. एक चौरस मीटर जागा भिजवा, तिथेच सेन्सर बसवा आणि त्याच्या शेजारून ओल्यापासून कोरड्यापर्यंत १२ ते १५ नमुने जमवा. दोन आठवडे सुकायला लागतील, म्हणून वाफे प्रशिक्षणाआधीच वेगवेगळ्या दिवशी भिजवून ठेवा. ५ सेंमी व्यासाची, ५ सेंमी उंचीची कडी ठोकून माती काढा. घनफळ ९८ घन सेंमी. वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये ठेवा, पुन्हा वजन करा. ओली माती १६८ ग्रॅम आणि सुकी १२८ असेल तर पाणी ४० ग्रॅम, म्हणजे आकारमानाने सुमारे ४१ टक्के. हा आकडा सेन्सरच्या वाचनासमोर मांडून रेषा काढायची. कंपनीने दिलेली रेषा चिकण मातीत बऱ्याचदा चुकते.

काळी जमीन वाळताना आकसते आणि सेन्सरभोवती भेग पडते. मग सेन्सर हवा मोजतो, टेन्शिओमीटरमध्ये हवा शिरून काटा शून्यावर (म्हणजे पूर्ण ओल्या मातीच्या खुणेवर) येतो आणि पोरं म्हणतात "रान ओलं आहे". यावर उपाय म्हणजे खड्ड्याच्या न हललेल्या भिंतीत सेन्सर आडवा दाबायचा, त्याच थराची चाळलेली माती कालवून लेप द्यायचा आणि भेग दिसताच वाचन बाद करायचं. टेन्शिओमीटरचा मातीचा कप रात्रभर पाण्यात भिजवा, नळीत उकळून गार केलेलं पाणी भरा. तो साधारण ८० किलोपास्कलपर्यंतच चालतो, पुढे हवा शिरते.

ठिबकवर सेन्सर ड्रिपरच्या थेट खाली नको, १० ते १५ सेंमी बाजूला ठेवा. वायर जुन्या लॅटरलमधून (ठिबकच्या नळीतून) घाला, नाहीतर उंदीर कुरतडतात. वाचनं दूरवर पाठवायला लोरा रेडिओ मॉड्युल घेताना ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचंच घ्या. अँटेना चार मीटरच्या पाइपवर न्या, कारण वाढलेला ऊस सिग्नल खातो.

शेवटी टक्क्यांचे तास करायला शिकवा. शेतकऱ्याने "वाफसा आला" (जादा पाणी निथरून माती हवी तेवढी ओली राहिली) म्हटलं त्या दिवशीचं वाचन हीच तुमची वरची खूण. समजा ती ३८ टक्के आहे, आजचं वाचन ३० टक्के आणि मुळांची खोली ४५ सेंमी. तूट ८ टक्के, म्हणजे ३६ मिमी. ठिबकने निम्मीच जागा भिजते असं धरलं तर १८ मिमी, ९० टक्के कार्यक्षमतेने २० मिमी. दोन लिटरचे ड्रिपर ४० सेंमीवर आणि लॅटरल दीड मीटरवर असतील तर तासाला ३.३३ मिमी पडतं. म्हणजे सहा तास. भारी जमिनीत ते दोन पाळ्यांत द्या.

रानवाट

खूप आभार. वाफसा ही खूण धरायची कल्पना पोरांना लगेच पटेल. चोपण पट्ट्यात हेच सेन्सर चालतील का?

वाफसा_मोजणारा

सावधपणे. मातीत विद्राव्य क्षार असतील तर कपॅसिटिव्ह सेन्सर आहे त्यापेक्षा जास्त ओलावा दाखवतो. टेन्शिओमीटरवर क्षारांचा परिणाम होत नाही, पण त्याची दुसरी अडचण आहे: तो "पाणी आहे" म्हणेल आणि क्षारांमुळे पिकाला ते ओढता येणार नाही. म्हणून तिथे आधी माती-पाणी १:२.५ द्रावणात सामू आणि विद्युतवाहकता तपासा. क्षारयुक्त आणि चोपण हे दोन वेगळे आजार आहेत हेही पोरांना शिकवा. चोपण जमिनीत सोडियममुळे पाणी मुरतच नाही. वरचा सेन्सर भरलेला आणि ४५ सेंमीचा कोरडा दिसला की ती शंका घ्यायची.

बांधावरून

परीक्षेचा प्रश्न राहिला. प्रत्येक गटाला न पाहिलेला, एक एकराहून मोठा प्लॉट द्या. नकाशावरून नऊ ठिकाणं निवडायला सांगा: तीन कमजोर, तीन मध्यम, तीन जोमदार. चित्राच्या तारखेपासून दोन-तीन दिवसांत तिथे जाऊन १० मीटर ओळीत रोपं मोजायची, उंची घ्यायची, ३० सेंमी खणून मुळं आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) बघायची. कोणतं ठिकाण कमजोर निवडलं होतं हे मोजणाऱ्याला सांगायचं नाही. ज्याने त्याने आपल्याला हवं तेच बघू नये म्हणून हा नियम कडक पाळा.

मग एका पानाचा सल्ला लिहायला लावा. त्यात कुठे जावं, काय शंका आहे, ती कशाने खात्री करून घ्यावी आणि पाण्याचे तास. "कारण अजून कळलेलं नाही, हे तपासायला हवं" असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या. नुसत्या नकाशावरून "नत्र कमी" लिहिणाऱ्याला नापास करा, कारण लाल डागामागे हुमणी, पाणी साचणं, बंद पडलेला ड्रिपर किंवा उगवणीतली नांगी (न उगवलेल्या रोपांची रिकामी जागा) यांपैकी काहीही असू शकतं. सेन्सरसाठी निकष सोपा: ओव्हनच्या आकड्यापासून तीन टक्क्यांच्या आत.

आधीच्या वाचनासाठी डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, ते प्रशिक्षणाच्या आधीच करून यायला सांगा. आणि शेतकऱ्यांची नावं, गट क्रमांक नकाशाच्या फाइलमध्ये ठेवू नका. प्लॉटला कोड द्या आणि कोडांची वही कंपनीच्या कपाटात कुलपात असू द्या.